विरोधाचे एकच मत

1865 साली आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले तेव्हा शहर गलिच्छ होते आणि तिजोरीचा जाब विचारणारे जवळजवळ कोणी नव्हते. त्यांनी रस्ते, गटारे यांच्या कामांना झपाट्याने हात घातला, 1869 मध्ये स्वतःच्या नावाचे भव्य मार्केट उभे राहिलेले पाहिले, आणि ह्या सगळ्याचा खर्च अंगावर आल्यावर मुंबईचे करदाते खवळून उठले. त्या संतापातून 1872 चा कायदा आला आणि सभागृहात निम्मे सभासद करदात्यांनी निवडून पाठवलेले बसू लागले. आपल्याकडच्या शहरी लोकशाहीचा उगम असा हिशेबाच्या भांडणात आहे, आणि नगरसेवक ह्या पदाचे मूळ काम बांधण्याचे नसून विचारण्याचे होते, हे त्यानंतरच्या दीडशे वर्षांत आपण पद्धतशीरपणे विसरत आलो आहोत.

त्याच दशकात पुण्याच्या नगरपालिकेत 1876 पासून एक सभासद बसत होते. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे 19 ऑक्टोबर 1882 रोजी दिलेल्या निवेदनात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, अशी करून दिली आहे. (सभासदांनाच तेव्हा कमिशनर म्हणत.) जोतीराव फुल्यांच्या शाळांवर आणि सत्यशोधक समाजावर आपण पुष्कळ लिहिले, ह्या तिसऱ्या ओळखीला मात्र चरित्रांत परिच्छेदभर जागा मिळते. वास्तविक त्यांची पार्श्वभूमी आणि सभागृहातले धोरण ह्यांचा संबंध फार निकटचा होता. ते सरकारी बांधकामांचे ठेकेदार होते, खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरवले होते, आणि सार्वजनिक पैसा कोणत्या टेबलावरून कोणत्या खिशात जातो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये इंजिनिअर खात्यावर जे कोरडे ओढले आहेत, ते आतल्या माणसाचे आहेत.

शिवाय ते निवडून आलेले नव्हते. सारे सभागृहच सरकारने नेमलेले होते, आणि नेमणूक करणाऱ्याला खूश ठेवण्याची सगळी कारणे एका ठेकेदाराजवळ असतातच. तरीही 1880 च्या सुमारास व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधाचे मत एकट्या फुल्यांचे पडले. ती रक्कम गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे त्यांचे म्हणणे होते. 1880 च्या जुलैत शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीला पत्र लिहिले. मोठ्या खर्चाची मंडई बांधण्यालाही त्यांनी हरकत घेतली. मंडईच्या बाबतीत ते सर्वस्वी बरोबर होते असे मला वाटत नाही, कारण शनिवारवाड्यापुढे उघड्यावर भरणाऱ्या बाजाराला छप्पर हवेच होते. पण त्यांचा आक्षेप छपराला नव्हता, क्रमाला होता: आधी शाळा की आधी शोभा?

ते हरले. 1886 मध्ये त्या मंडईचे ‘रे मार्केट’ ह्या नावाने उद्घाटन झाले, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचेही अधिकृत नाव आज तेच आहे. उधळपट्टीला हरकत घेणाऱ्याचे नाव दोन्ही शहरांनी इमारतींना दिले आणि हरकत घेण्याची सवय सोडून दिली.

त्यानंतरच्या काळात सभागृहाचा दुबळेपणा दोन तऱ्हांनी उघडा पडत गेला. 1897 च्या प्लेगात पुण्यात निवडलेल्या प्रतिनिधींना बाजूला सारून प्लेग अधिकारी रँडच्या कमिटीच्या हाती बंदोबस्त गेला, आणि शहराचे म्हणणे ऐकून घेणारे दारच बंद झाल्यावर रँडच्या खुनापर्यंत मजल गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. उलट महाडला सभागृह जागेवर होते, सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखा अध्यक्ष होता, 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला. पण तो कागदावर राहिला, म्हणून 20 मार्च 1927 चा सत्याग्रह करावा लागला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठरावही मागे घेतला. एकीकडे अधिकार काढून घेतला गेला, दुसरीकडे असलेला अधिकार वापरण्याची हिंमत टिकली नाही.

स्वातंत्र्यानंतर 1949 च्या अधिनियमाने पुण्याला महापालिका दिली, पण अंमलबजावणीची सूत्रे 1888 च्या मुंबईच्या साच्याप्रमाणे आयुक्तांकडेच ठेवली. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने 1 जून 1993 पासून पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले. तरी मार्च 2022 मध्ये मुदत संपलेल्या पुणे-मुंबईत मतदान झाले ते 15 जानेवारी 2026 ला! मधल्या काळात प्रशासकाने अंदाजपत्रके केली, स्वतःच मंजूर केली, आणि प्लेगच्या दिवसांत शहर पेटले होते तसे ह्या वेळी काहीच घडले नाही. हेच मला अधिक भयावह वाटते.

आता पुण्यात एकेचाळीस प्रभागांतून एकशे पासष्ट नगरसेवक बसले आहेत. उमेदवाराच्या शपथपत्रातून शिक्षण कळते, मालमत्ता कळते, दाखल गुन्हेही कळतात. कोणत्या खर्चाला तो ‘नाही’ म्हणणार, ते कळत नाही. प्रभागात चौघे असले की खड्ड्याची जबाबदारी चौघांत विरून जाते आणि कमानीवरची नावे मात्र चारही ठळक राहतात. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या ‘स’ यादीतून होणारी बाकडी, नामफलक, पेव्हर ब्लॉक आणि कापडी पिशव्या ही व्हाइसरॉयच्या स्वागताची आजची आवृत्ती आहे, फक्त पाहुण्याच्या जागी नगरसेवक स्वतः आला आहे. पुढचे अंदाजपत्रक सभागृहात मंजूर होईल तेव्हा आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांना भेटा आणि त्यांनी कोणत्या ठरावाविरुद्ध मत दिले, तेवढे विचारा.