मेहनत कोणी करायची?

हल्ली माणसाचे एकही काम पडद्यावाचून होत नाही. बँकेतून पैसे काढायचे असोत, रेल्वेचे तिकीट घ्यायचे असो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असो की भाजीवाल्याला वीस रुपये द्यायचे असोत, एक पडदा आणि काही बटणे आपल्यासमोर येतात. तरुण मुलांची बोटे त्यांवर सराईतपणे फिरतात. पण एटीएमच्या रांगेत एखादे वयस्कर गृहस्थ पडद्याकडे पाहत थबकले, की मागून कोणीतरी वैतागून म्हणतेच, "अहो काका, एवढेही जमत नाही का?" काका ओशाळतात. आपणच अडाणी, असे त्यांना वाटू लागते. ज्या माणसाने चाळीस वर्षे दुकानाचा हिशेब तोंडी सांभाळला, तो एका बटणापुढे अडाणी ठरतो!

मला हे मान्य नाही. एकाच जागी पुष्कळ माणसे अडखळत असतील, तर दोष त्या माणसांचा नसतो, त्या जागेचा असतो. रस्त्यात दगड असेल आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला त्याची ठेच लागत असेल, तर आपण लोकांना चालायला शिकवत नाही, दगड उचलतो. यंत्रांच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे वागतो.

एटीएमचीच गोष्ट पाहा. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एनफिल्ड येथे बार्कलेज बँकेने पैसे देणारे यंत्र सुरू केले. ते तयार करवून घेणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या देशातला, आजच्या मेघालयातील शिलाँगचा. एकदा बँकेची वेळ टळून गेल्यामुळे त्यांना पैसे मिळाले नाहीत. चॉकलेट देणारे यंत्र असते, तर पैसे देणारे का नसावे, असा विचार त्यांच्या मनात आला. (या शोधात इतरांचाही वाटा आहे. जेम्स गुडफेलो या स्कॉटिश अभियंत्याने १९६६ सालीच गुप्त अंकाच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला होता.) आता प्रश्न आला गुप्त अंकाचा. शेफर्ड-बॅरन यांना लष्करातला आपला सहा आकडी क्रमांक पाठ होता. म्हणून गुप्त अंकही सहा आकड्यांचा ठेवावा, असे त्यांना वाटले. त्यांनी घरी पत्नीला विचारले. ती म्हणाली, "मला चारच आकडे लक्षात राहतात." त्यांनी सहाचा हट्ट सोडला आणि चार आकडे ठरवले. ही हकिगत त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. भारतातले पहिले एटीएम १९८७ साली मुंबईत बसले आणि आपणही तो चार आकड्यांचा रिवाज उचलला.

या गोष्टीतली मला आवडलेली बाब अशी, की शेफर्ड-बॅरन पत्नीला "पाठ कर, जमेल" असे म्हणाले नाहीत. यंत्र अजून बनायचे होते आणि माणूस आधीच बनलेला होता. तेव्हा बदलायचे कोणी, हे उघडच होते.

माणसाच्या मनाची एक मर्यादा असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली लिहिलेला एक निबंध फार गाजला. ऐकलेल्या किंवा पाहिलेल्या गोष्टींपैकी सुमारे सातच गोष्टी, फार तर दोन कमी किंवा दोन अधिक, माणूस एका वेळी मनात धरू शकतो, असे त्यांनी दाखवले. नंतरच्या संशोधकांनी हा आकडा आणखी खाली, चारच्या आसपास आणला. मात्र मिलर यांनी एक तोडही सांगून ठेवली होती. सुट्या गोष्टींचे लहान लहान गट केले, की त्या लक्षात ठेवणे सोपे जाते. आधार कार्डावरचा बारा आकडी क्रमांक चार-चारच्या तीन गटांत छापलेला असतो, तो यामुळेच वाचायला सोपा जातो. बारा आकडे सलग लिहून पाहा आणि मित्राला वाचायला सांगा. मधल्या ठिकाणी त्याची जीभ अडखळेल.

आणखी एक उदाहरण देतो. सुरुवातीच्या काही एटीएम यंत्रांतून आधी पैसे येत आणि नंतर कार्ड बाहेर येई. माणूस तिथे पैशांसाठी गेलेला असतो. पैसे हातात पडले, की त्याच्या मनाने काम संपवलेले असते, पावले दाराकडे वळलेली असतात. साहजिकच अनेकांची कार्डे यंत्रातच राहू लागली. "आपले कार्ड विसरू नका" अशी पाटी लावता आली असती. पण पाट्या कोण वाचतो? त्याऐवजी पुष्कळ यंत्रांत क्रमच बदलण्यात आला. आधी कार्ड काढून घ्या, तरच पैसे मिळतील. विसरायला जागाच उरली नाही.

टेलिफोनच्या बटणांची गोष्टही अशीच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी बटणे गोल मांडून पाहिली, आडव्या रांगेत मांडून पाहिली, तिरकी मांडून पाहिली. प्रत्येक मांडणीत लोकांकडून किती चुका होतात, किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजले. त्यातून वर १-२-३ आणि तळाशी शून्य ही मांडणी पक्की झाली आणि १९६३ साली ती बाजारात आली. हिशेबाच्या कॅल्क्युलेटरवर मात्र ७-८-९ वर असतात. घरी दोन्ही साधने जवळजवळ ठेवून बघा, म्हणजे खात्री पटेल. दोन्हींवर रोज काम करणाऱ्याला याचा त्रास होतोच.

आता मुद्द्याकडे येतो. संगणकावर मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची सोय ज्यांच्यामुळे रूढ झाली, ते लॅरी टेस्लर हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ २०२० साली वारले. त्यांनी एक नियम सांगितला होता. कोणत्याही कामात काही गुंतागुंत अशी असते, की ती नाहीशी करता येत नाही. ती फक्त एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर देता येते. मग ती वाहायची कोणी? बनवणाऱ्याने, की वापरणाऱ्याने? बनवणाऱ्याने थोडा अधिक वेळ खर्च करावा आणि असंख्य लोकांचा वेळ वाचवावा, असा टेस्लर यांचा आग्रह होता.

साधा हिशेब करू. समजा, एक अर्ज एक लाख विद्यार्थी भरतात. अर्जातल्या एका गोंधळात टाकणाऱ्या रकान्यापाशी प्रत्येकाची तीन मिनिटे वाया जातात. म्हणजे झाली तीन लाख मिनिटे, अर्थात पाच हजार तास. तोच रकाना नीट करायला एका कारागिराला फार तर एक आठवडा लागेल. तो आठवडा वाचवण्यासाठी आपण मुलांचे पाच हजार तास खर्ची घालतो. शिवाय ते तास कोणाच्याही वहीत खर्च म्हणून लिहिले जात नाहीत.

मेहनत इकडची तिकडे कशी जाते, हे पाहायचे असेल तर किराणा दुकानातल्या काळ्यापांढऱ्या चौकटीकडे पाहा. पूर्वी कोणाच्या खात्यावर पैसे पाठवायचे म्हणजे खाते क्रमांक हवा, बँकेच्या शाखेचा अकरा अक्षरांचा आयएफएससी संकेत हवा. त्या संकेतातले पाचवे चिन्ह शून्य असते आणि कितीतरी लोक तिथे इंग्रजी 'ओ' अक्षर लिहून बसत. २०१६ साली यूपीआय ही पद्धत आली. खाते क्रमांक, शाखेचा संकेत, हे सारे आजही आहेच, ते कुठे गेलेले नाही. पण ते आता पडद्यामागे यंत्रे एकमेकांना सांगतात. आपण फक्त चौकटीसमोर फोन धरतो. ती चौकटही हुशारीने बनवलेली आहे. १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी ती तयार झाली. तिच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकोन असतात. त्यांवरून यंत्राला सरळ-उलटे ओळखता येते, म्हणून फोन तिरका धरला तरी चालते. सरळ धरण्याची काळजी माणसाच्या डोक्यावरून त्या तीन चौकोनांनी आपल्या डोक्यावर घेतली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयचे २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. इतक्या वेळा माणसांना अकरा अक्षरांचा संकेत लिहायला लावला असता, तर काय झाले असते?

दुकानात पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारी छोटी पेटीही मला फार आवडते. तेलाने माखलेल्या हातांनी भजी तळणाऱ्याने फोन कसा पाहावा? त्याचे हात आणि डोळे कामात असतात, कान मोकळे असतात. म्हणून पेटी बोलते. कोणीतरी त्या भजीवाल्याकडे नीट पाहिले असणार.

यावर काही लोक आक्षेप घेतात. सगळेच सोपे केले तर माणूस आळशी होईल, त्याचे डोके गंजेल, असे ते म्हणतात. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. घरच्यांचे फोन क्रमांक पूर्वी आपल्याला पाठ असत, आता नसतात. पण मेहनतीमेहनतीत फरक असतो. भूमितीचे उदाहरण सोडवताना होणारी मेहनत आपल्याला काही देऊन जाते. 'पुढे जा' हे बटण पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यात दडले आहे, हे शोधण्याची मेहनत काहीच देत नाही. पहिली टिकवावी म्हणूनच दुसरी वाचवायची. पुस्तकाची छपाई स्वच्छ असली म्हणून वाचणारा आळशी होत नाही.

सोपेपणाचा खरा धोका वेगळा आहे. जिथे माणसाने थांबून विचार करायला हवा, तिथेही बोट घसरून पुढे गेले, तर नुकसान होते. यूपीआयमध्ये पैसे देताना बहुधा गुप्त अंक द्यावा लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. परंतु भामट्यांनी पैशांची मागणी पाठवायची आणि "तुम्हाला पैसे मिळणार आहेत, अंक टाका" असे सांगायचे, असा प्रकार सुरू झाला. सवयीने अंक टाकणाऱ्या भोळ्या माणसांचे पैसे गेले. अखेर नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने २०२५ मध्ये व्यक्तीने व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोय बंद करण्याचे ठरवले. तेव्हा चांगला कारागीर सगळे दरवाजे गुळगुळीत करत नाही. कोणता दरवाजा थोडा जड ठेवायचा, हेही त्याला कळते.

काही कारागिरांना ते फारच चांगले कळते, आणि ते त्याचा गैरफायदा घेतात. सभासद होण्यासाठी एक बटण, पण सभासदत्व सोडायचे तर दहा पाने धुंडाळायची. आपण न मागितलेली वस्तू गुपचूप यादीत टाकायची. "फक्त दोन मिनिटे उरली" असे खोटेच सांगून घाई करायची. इथे डोक्यावरचे ओझे चुकून पडलेले नसते, मुद्दाम ठेवलेले असते. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार सांगून त्यांना मनाई केली आहे. मनाई झाली म्हणून त्या संपल्या, असे मात्र नाही.

भाषेचे ओझे तर आपल्याला चांगलेच ठाऊक आहे. पडद्यावर 'प्रमाणीकरण अयशस्वी' असे उमटले, तर मराठी घरातला माणूसही गोंधळतो. 'गुप्त अंक चुकला, पुन्हा लिहा' असे म्हटले तर काय बिघडेल? रक्कम, जमा, खर्च, बाकी, तारीख, मंजूर, नक्कल हे शब्द तुमच्या उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. शेकडो वर्षे बाजारात वापरून ते गुळगुळीत झाले आहेत. त्यांना बाजूला सारून कोशातले जड शब्द पडद्यावर कोण आणून ठेवते, कळत नाही. लिपीचेही असेच आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण तिच्यातले आकडे डावीकडून उजवीकडे जातात. इंग्रजी पडद्यावर 'मागे जा' हा बाण डावीकडे रोखलेला असतो, उर्दू पडद्यावर तो उजवीकडे रोखलेला हवा. नुसते शब्द बदलले आणि बाण तसाच ठेवला, तर डोळे एकीकडे जातात आणि बोट दुसरीकडे.

तुमच्यापैकी काही जण आणखी काही वर्षांनी असे पडदे तयार करण्याचे काम करतील. त्या कामाची सुरुवात आजही करता येईल, त्याला संगणक शिकण्याची गरज नाही. डेन्मार्कचे याकोब निल्सन यांनी २००० साली लिहिले, की एखाद्या रचनेतले बहुतेक दोष समजायला पाच माणसांना ती वापरताना पाहणे पुरते. तुमच्या घरात आणि मोहल्ल्यात पाच माणसे नक्कीच आहेत. दादीला, नानांना, शेजारच्या खालाजानला फोनवर वीज बिल भरायला सांगा आणि जवळ गप्प बसा. "इथे दाबा" असे म्हणायची घाई होईल, पण म्हणू नका. त्यांचे बोट जिथे हवेत थांबेल, तिथला शब्द आणि तिथले बटण वहीत लिहून घ्या.