रिपोर्ट निगेटिव्ह आला, मग भीती कशाची?

एचआयव्हीची चाचणी केली, रिपोर्ट निगेटिव्ह आला. तीन महिन्यांनी पुन्हा केली, तोही निगेटिव्ह. तरी झोप लागत नाही. मग दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन तिसऱ्यांदा रक्त दिले जाते. रिपोर्ट हातात पडला की दोन दिवस बरे जातात आणि शंका परत येते. नमुना बदलला असेल का? माझ्या अंगातला विषाणू चाचणीला सापडतच नसेल तर? या चक्रात अडकलेले तरुण आपल्यातही आहेत. कुणी अभ्यास सोडून देतो, कुणी आलेले स्थळ कारण न सांगता नाकारतो. ते बोलत नाहीत, कारण बोलायचे तर आधी 'चाचणी का केली?' या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. म्हणूनच या विषयावर उघडपणे बोलायला हवे.

आधी वैद्यकीय बाजू पाहू. संसर्ग झाल्यानंतर तो चाचणीत दिसायला काही काळ जावा लागतो. त्याला 'विंडो पिरियड' म्हणतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली, तर त्या प्रसंगापुरता प्रश्न मिटतो. बोटातून रक्त घेऊन केलेल्या रॅपिड चाचणीसाठी ९० दिवस धरतात. प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू केली असतील, तर दिवस कुठून मोजायचे हे डॉक्टर सांगतात. या मुदतीनंतर, नवा धोका पत्करलेला नसताना, त्याच प्रसंगासाठी चौथी-पाचवी चाचणी करून नवीन काही कळत नाही. आणि एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, डास चावल्याने किंवा वजूची जागा एकच वापरल्याने एचआयव्ही होत नाही. त्यासाठी चाचणीच लागत नाही.

मग अंगात जाणवणाऱ्या लक्षणांचे काय? थकवा, तोंडाला कोरड, रात्रीचा घाम, हातापायांना मुंग्या, भूक न लागणे, हे सगळे सततच्या काळजीनेही होते. मानेतली गाठ दिवसातून वीस वेळा चाचपली तर ती जागा दुखणारच. वर मोबाइलवर लक्षणे शोधत बसले की प्रत्येक दुखण्याला एकच नाव मिळते. त्रास खरा असतो, पण तो काळजीचा असतो. यालाच आरोग्यविषयक चिंता म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत.

या चिंतेची एक खोड समजून घेतली पाहिजे. प्रत्येक नवी चाचणी थोडा वेळ दिलासा देते. त्यामुळे मनाला सवय लागते की शंका आली की रक्त तपासायचे. दिलासा ओसरतो, शंका आणखी मोठी होऊन येते. म्हणून इलाज सातव्या रिपोर्टमध्ये नाही. शंका आली तरी तिला उत्तर द्यायला धावायचे नाही, हे शिकण्यात तो आहे.

आपल्याला हे अपरिचित नाही. वजू झाला की नाही या शंकेने पुन्हा पुन्हा हातपाय धुणाऱ्याला घरातली मोठी माणसे सांगतात, "वसवसा आहे, लक्ष देऊ नकोस, नमाज पढ." फिक्हचा प्रसिद्ध नियमच आहे की शंकेमुळे खात्री रद्द होत नाही. नवव्या-दहाव्या शतकातील विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला आणि मनात घोळत राहणाऱ्या त्रासदायक विचारांना त्यात स्वतंत्र प्रकरण दिले. तेव्हा मनाच्या आजारासाठी मदत घेणे म्हणजे ईमान कमी असणे, हे म्हणणे आपल्याच परंपरेला धरून नाही.

पण वसवसा एवढेच कारण नाही. माझ्या मते या भीतीच्या मुळाशी बहुतेक वेळा शरम असते. तरुणांसमोरच्या भाषणांत एड्सचा उल्लेख आजार म्हणून कमी आणि शिक्षा म्हणून जास्त होतो. हे ऐकत वाढलेल्या मुलाच्या मनात चाचणी म्हणजे आपला फैसला होऊन बसतो. रिपोर्ट निर्दोष म्हणतो, मन मात्र 'मी शिक्षेस पात्र आहे' म्हणत राहते. कुणाला आपल्या वागण्याचा पश्चात्ताप असेल तर तौबा ही त्याच्या आणि अल्लाहच्या मधली गोष्ट आहे. लॅबची पावती ना तिचा पुरावा आहे, ना तिचा नकार. विषाणू पापपुण्य पाहत नाही. नवऱ्याकडून बायकोला आणि आईकडून बाळाला झालेला संसर्ग कोणत्या गुन्ह्याची शिक्षा म्हणायची?

शिक्षेची ही भाषा निगेटिव्ह माणसाला छळते आणि पॉझिटिव्ह माणसाला समाजाबाहेर ढकलते. वास्तविक २००४ पासून भारतात सरकारी केंद्रांतून एचआयव्हीची औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू न दिसण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून संसर्ग पुढे जात नाही. माणूस काम करतो, संसार करतो. ही माहिती आपल्या वस्त्यांत पोहोचली तर भीतीही आपोआप कमी होईल.

या त्रासात असलेल्यांनी एवढे करावे. सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीमध्ये जावे. तिथे चाचणी मोफत होते आणि समुपदेशकाशी बोलता येते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, काही कायदेशीर अपवाद सोडता, तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल इतरांना सांगता येत नाही. शेवटची चाचणी कधी करायची ते समुपदेशकाबरोबर ठरवा आणि तिथे थांबा. लक्षणे शोधणे आणि गाठी चाचपणे बंद करा. एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. झोप, काम, अभ्यास बिघडून काही आठवडे झाले असतील, जगणे नकोसे वाटत असेल तर लगेच, मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचारपद्धतीचा अशा चिंतेत चांगला उपयोग होतो. गरज पडली तर डॉक्टर औषधेही देतात.

आणि एखाद्या मित्राने किंवा मैत्रिणीने हे सगळे तुम्हाला सांगितले, तर 'असे केलेच कशाला?' हा प्रश्न विचारू नका. 'अजून एकदा तपासून बघ' हेही म्हणू नका. "रिपोर्ट आला आहे ना? मग आता तुझ्या काळजीसाठी डॉक्टरकडे जाऊ, मी येतो सोबत," एवढे म्हणा आणि खरोखर सोबत जा.