पहिला स्टार्ट फुकट देऊ नका



आज थेट मुद्द्यावर येतो. एसी असो नाहीतर गॅस गिझर, मशीन भिंतीला लावणं हे एक काम आणि ते पहिल्यांदा चालू करून तपासणं हे दुसरं काम. दुसऱ्या कामाचा वेगळा वेळ धरा, वेगळे पैसे लावा आणि त्याचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्या. आपल्या लाइनमध्ये हे काम "फिटिंगमध्येच आलं की" म्हणून फुकट जातं. आणि जे काम फुकट जातं ते पाच मिनिटांत उरकलं जातं, हा सगळ्या धंद्यांचा नियम आहे.

आपलं कोल्हार नगर-मनमाड हायवेवर. भगवती मातेच्या दर्शनाला लोक येतात, पुढे शिर्डीची गर्दी. त्यामुळे या पट्ट्यात लॉज, हॉटेलं, मंगल कार्यालयं भरपूर. मार्च लागला की एसीची कामं, दिवाळीनंतर थंडी पडली की गिझरची कामं. बहुतेक ठिकाणी दोन्ही कामं वेगवेगळी माणसं करतात. एसीवाला खोली बघतो, गिझरवाला न्हाणीघर बघतो. दोन्ही मिळून काय तयार झालं, हे कोणीच बघत नाही.

आता नीट विचार करा. एसी लावला की आपण काय सांगतो? खिडक्या बंद ठेवा, दाराच्या फटी बुजवा, गार हवा बाहेर जाऊ देऊ नका. बरोबरच आहे. पण त्याच खोलीला आतून जोडलेलं न्हाणीघर असेल आणि त्यात गॅस गिझर असेल, तर त्या आगीला हवा कुठून मिळणार? वरून एक्झॉस्ट फॅन लावलेला असेल आणि बाहेरची हवा आत यायला जाळीच नसेल, तर तो फॅन गिझरचा धूर उलटा आत ओढू शकतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, चक्कर येते, मग दाराची कडी काढायची ताकद राहत नाही. मार्च २०२३ मध्ये धुळवडीच्या सुमारास मुंबईत घाटकोपरला एक जोडपं न्हाणीघरात मृत सापडलं, तेव्हाही संशय गॅस गिझरवरच होता. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. आपण वाचतो आणि पान उलटतो.

अमेरिकेत काही घरांच्या छपरावर किंवा मागच्या अंगणात एकच मोठी पेटी असते. तीच उन्हाळ्यात घर गार करते, हिवाळ्यात गॅसवर गरम करते.  मोठ्या प्रमाणावर असंच काम करणारी, गॅसवर थंड आणि गरम दोन्ही देणारी मशीन आपल्या पुण्याची थरमॅक्स कंपनी कारखान्यांसाठी बनवते. मला त्या अमेरिकन पेटीचा चालू होण्याचा क्रम फार आवडतो. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की पेटी लगेच गॅस सोडत नाही. आधी एक छोटा पंखा धुराच्या वाटेतली हवा बाहेर ढकलतो. हवा खरंच वाहतेय याची खात्री प्रेशर स्विच देतो. मग इग्नायटर तापतो, त्यानंतर गॅसचा वाल्व्ह उघडतो. काही सेकंदांत ज्वाळा दिसली नाही तर गॅस आपोआप बंद. दोन-तीन प्रयत्न फसले की मशीन लॉक.

म्हणजे आधी हवा, मग आग, आणि शंका आली की थांबायचं. हा क्रम तिकडे मशीनमध्येच बसवलेला आहे. आपल्याकडच्या जुळवाजुळवीत तो फिटरच्या डोक्यात बसवावा लागतो. म्हणून मी माझ्या बॅचमधल्या पोरांना शिकवतो ते खाली देतोय.

गॅस गिझरचा पहिला स्टार्ट:

१. जागा आधी बघा. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आत लावा असा हट्ट गिऱ्हाइकाने धरला तर काम सोडा.
२. पाणी आधी चालू करा. नळातून फुसफुस न करता सलग धार आली पाहिजे.
३. रेग्युलेटर, नळी, जोड यांना साबणाचं पाणी लावा. काडी ओढून लीक बघणारा माणूस या धंद्यात नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून वास घ्यायचा तो खाली वाकून, आणि हवेची एक जाळी खालच्या बाजूलाही हवी.
४. नवीन नळीत हवा असते, त्यामुळे पहिल्या एक-दोन वेळा पेटणार नाही. सारखं चटचट करत बसू नका. नळ बंद करा, गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग परत.
५. ज्वाळा निळी आणि स्थिर हवी. पिवळी, नाचरी ज्वाळा म्हणजे बंद करा. पण निळी दिसली म्हणून हवेची जाळी विसरायची परवानगी मिळत नाही.
६. लॉजवर घरगुती १४.२ किलोची टाकी जोडू नका. धंद्यासाठी १९ किलोची व्यावसायिक टाकी असते. आणि गॅस गळतीचा १९०६ हा नंबर गिझरशेजारी चिकटवा.

एसीचा पहिला स्टार्ट:

१. पाइपात नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करा. ऑक्सिजन कधीच नाही. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो.
२. व्हॅक्यूम पंप लावा. "थोडा गॅस सोडून हवा काढली" हे काम नाही. आत राहिलेला ओलावा तेलात मिसळून आम्ल बनवतो आणि कॉम्प्रेसर आतून खातो.
३. बटण दाबण्याआधी दोन्ही सर्व्हिस वाल्व्ह पूर्ण उघडे आहेत ना, हाताने तपासा.
४. व्होल्टेज आणि अर्थिंग मोजा. व्होल्टेज मशीन चालू असतानाही मोजा, कारण लोड आल्यावर ते किती पडतं हे तेव्हाच कळतं.
५. पंधरा मिनिटांनी अँपिअर मोजून नेमप्लेटशी ताडून बघा. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक लिहा. ड्रेनमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा.
६. हल्लीच्या बऱ्याच एसींमध्ये आर-३२ असतो, काहींत आर-२९०. आर-३२ सौम्य ज्वलनशील, आर-२९० तर सरळ पेट घेणारा. आर-३२ ज्वाळेतून गेला की विषारी, आम्लयुक्त वायू तयार होतो. म्हणजे एसीचा लीक आणि शेजारी पेटलेला गिझर, हे जोडगोळीचं प्रकरण पुन्हा आलंच.

एवढं सगळं करायला गिझरला अर्धा-पाऊण तास आणि एसीला तास-दीड तास लागतो. इथेच बीबीए कामाला येतं. तुमचा तास बिलात दिसत नसेल तर तो खर्च तुम्ही खिशातून भरताय. मग माणूस घाई करतो, व्हॅक्यूमला दहा मिनिटं देतो आणि पुढच्या कामाला पळतो. दोन महिन्यांनी तक्रार येते, तेव्हा पेट्रोल तुमचं, गॅस तुमचा आणि शिव्या पण तुमच्याच.

तुम्ही म्हणाल, "सर, आमच्याकडे गिऱ्हाईक शंभर रुपयांसाठी घासाघीस करतं, वेगळे पैसे कोण देणार?" खरं आहे. शेजारचा "फिटिंग फ्री" म्हणतोय, हेही खरं. काही गिऱ्हाइकं जातील. पण भाव सांगण्याआधी कागद दाखवून बघा. "पहिला स्टार्ट व तपासणी" अशी बिलात वेगळी ओळ, आणि सोबत एक पान. त्यावर व्होल्टेज, अँपिअर, लीक टेस्ट, हवेची जाळी आहे की नाही, तारीख, दोघांच्या सह्या. लॉजवाल्याला हा कागद लगेच कळतो, कारण त्याच्या खोलीत उद्या काही झालं तर पोलीस पहिला प्रश्न त्यालाच विचारणार आहेत. घरच्या गिऱ्हाइकाला एवढंच विचारा: "काका, तुमची नात याच न्हाणीघरात आंघोळ करते ना? मग पाऊण तास द्या मला."

आणि एक गोष्ट माझ्या मते पैशांपेक्षा मोठी आहे. एसी लावायला गेलात आणि आतल्या न्हाणीघरात गिझर दिसला, तर "ते माझं काम नाही" म्हणू नका. गिझर लावायला गेलात आणि खोली एसीसाठी सील केलेली दिसली, तरी तेच. तपासणीच्या पानावर शेवटची ओळ छापून घ्या: "या खोलीत दुसरं काय जळतंय आणि हवा कुठून येतेय?" उत्तर समाधानकारक नसेल तर मशीन चालू न करता खाली या आणि कारण त्याच पानावर लिहून द्या. त्या दिवशीचं बिल बुडेल. बुडू द्या.

या आठवड्यात एवढंच करा: एक पान छापा, आणि पुढच्या बिलापासून ती एक ओळ वाढवा. रक्कम तुमच्या गावाच्या मानाने ठरवा, पण शून्य लिहू नका.