डोंगरवाटेवरची सायकल आणि तिचा दिवा

उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात जानेवारी महिन्यातला दिवस जेमतेम सात-आठ तासांचा असतो. त्या प्रदेशातील काँटिन या गावाजवळच्या जंगलात ‘स्ट्रॅथपफर’ नावाची सायकलींची शर्यत ऐन हिवाळ्यात भरत आली आहे. शर्यत चोवीस तासांची. साहजिकच त्यांपैकी सोळा-सतरा तास स्पर्धकांना काळोखात काढावे लागतात. वाट दगडधोंड्यांची, झाडांच्या मुळांनी अडविलेली, कोठे चिखलाची तर कोठे गोठलेल्या पाण्याची. अशा वाटेवर पुढच्या दहा-वीस हातांत काय आहे, हे सायकलस्वाराला केवळ त्याचा दिवा सांगतो.

डोंगरातून सायकल चालविण्याचा हा छंद तसा अलीकडचा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन परगण्यात काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरउतारावरून पिटाळीत असत. १९७६ साली तेथील ‘रिपॅक’ या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. पुढे १९९२ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यात चोवीस तासांची शर्यत सुरू झाली आणि रात्रीची डोंगरवाट ही या खेळाचा एक भागच होऊन बसली. छंदाबरोबर दिव्यांचा बाजारही वाढला. या बाजारात दिव्याची थोरवी बहुधा एकाच आकड्याने सांगितली जाते: हा हजार ल्यूमेनचा, तो दोन हजारांचा, तिसरा पाच हजारांचा. जितका आकडा मोठा तितका स्वार सुरक्षित, अशी समजूत त्यातून दृढ झाली आहे. ही समजूत अपुरी आहे, आणि काही प्रसंगी ती घातकही ठरते.

एके काळी प्रश्न निराळा होता. पूर्वीच्या सायकलस्वारांना तेलाच्या किंवा कार्बाइडच्या दिव्यावर भागवावे लागे. त्यानंतर टायरला घासून फिरणारा डायनॅमो आला. त्याची शक्ती साधारणपणे तीन वॅट. आणि चढावर सायकल मंदावली की दिवाही मंदावे. भारतातील कित्येक घरांतल्या वडीलधाऱ्यांना तो थरथरणारा पिवळा उजेड अजून आठवत असेल. निळा प्रकाश देणारा डायोड तयार झाला आणि चित्र पालटले. त्याच्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या प्रकाशाची जोड देऊन पांढरा उजेड मिळविता येतो. या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हलक्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठविणारे लिथियम-आयन घट १९९१ पासून बाजारात आले होतेच. या दोहोंच्या योगाने उजेडाचे दुर्भिक्ष संपले. दुर्भिक्ष संपले, की निवडीचा प्रश्न सुरू होतो.

ल्यूमेन हा आकडा दिव्यातून सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो, एवढेच सांगतो. विहिरीतून किती पाणी उपसले हे कळल्याने कोणत्या वाफ्याला किती पाणी पोचले ते कळत नाही, तसेच हे आहे. एका विशिष्ट दिशेने प्रकाश किती तीव्रतेने जातो, हे कँडेला या एककाने मोजतात. आणि जमिनीवर प्रत्यक्ष किती उजेड पडतो, हे लक्स या एककाने. एखाद्या दिव्याची पुढच्या दिशेची तीव्रता १,००० कँडेला असेल, तर १० मीटरवर त्याच्यासमोर धरलेल्या पृष्ठावर १० लक्स उजेड पडेल, २० मीटरवर अडीच लक्स, आणि ४० मीटरवर एक लक्सहूनही कमी. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. हा निसर्गाचा नियम कोणत्याही कारखान्याला मोडता येत नाही.

आता स्वाराला किती दूरचे दिसावयास हवे, ते पाहू. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर अंतर कापते. रात्री अडथळा ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले आणि सुट्या खडीवर वेग दर सेकंदाला तीन मीटर प्रतिसेकंद इतकाच कमी होतो असे मानले, तर सायकल थांबण्यास सुमारे साडेतेरा मीटर लागतात. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ४० किलोमीटर केला, तर हेच अंतर सुमारे ३७ मीटर होते. अंतर पावणेतीन पट झाले. परंतु तितक्या लांब पूर्वीइतकाच उजेड पाडावयाचा तर त्याच आकाराच्या झोताला साडेसात पट प्रकाश लागेल. वेग दुप्पट करण्याची ही किंमत आहे. जेथे उजेड पुरत नाही तेथे ब्रेकवर हात ठेवणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय होय.

यावर कोणी म्हणेल, की मग साडेसात पट प्रकाशाचाच दिवा घ्यावा. आज तो मिळतो. हा आक्षेप पोकळ नाही. वेगाने उतरणाऱ्या कसलेल्या स्वाराला प्रखर दिवा खरोखरच लागतो. परंतु पाहण्याचे काम दिवा करीत नसून डोळा करतो, आणि डोळ्याचे स्वतःचे काही नियम आहेत. अंधाराची पुरती सवय होण्यास डोळ्याला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. झोताचा बराचसा भाग चाकापुढच्या चार-पाच मीटरांत पडत असेल, तर तेथली जमीन लख्ख उजळते, बाहुली आकसते, दृष्टिपटल त्या उजेडाला सरावते आणि दूरची वाट पूर्वीपेक्षाही काळी दिसू लागते. विकत घेतलेला जास्तीचा प्रकाश अशा वेळी स्वाराच्या डोळ्यांविरुद्धच काम करतो. म्हणून दिवा पारखताना तो जवळ किती लख्ख आहे यापेक्षा त्याचा उजेड जवळून दूरपर्यंत किती सारखा पसरतो, मध्यभागी एखादा झगझगीत ठिपका आणि भोवती काळोख असे तर होत नाही ना, हे पाहिले पाहिजे.

झोताच्या लांबीचा छापील आकडाही नीट समजून घ्यावा. अमेरिकेत २००९ साली विजेऱ्यांसाठी एक मानक तयार झाले आणि अनेक उत्पादक त्याचा आधार घेतात. त्यानुसार जेथे उजेड पाव लक्सइतका उरतो, तेथवर झोताची लांबी मोजली जाते. पाव लक्स म्हणजे साधारणपणे स्वच्छ रात्रीचे पौर्णिमेचे चांदणे. चांदण्यात माणूस रमतगमत चालू शकतो. परंतु वेगात असताना ओले मूळ आणि कोरडे मूळ यांतला भेद ओळखण्यास तेवढा उजेड पुरत नाही. तेव्हा शंभर मीटर असे छापलेले असेल, तर शंभर मीटरवर चांदणे पडते, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

दिव्याची प्रखरता जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची जागा. पुष्कळांना दिवा हेल्मेटवर लावणे सोयीचे वाटते. मान वळेल तिकडे उजेड वळतो. परंतु त्यात एक उणीव आहे, आणि ती साध्या भूमितीने दाखविता येते. समजा, वाटेवर १० मीटर अंतरावर १० सेंटिमीटर उंचीचा दगड आहे. स्वाराचे डोळे जमिनीपासून १६० सेंटिमीटरवर, हँडलवरचा दिवा १०० सेंटिमीटरवर आणि हेल्मेटवरचा १७५ सेंटिमीटरवर आहे. हँडलवरच्या दिव्याने त्या दगडाची सावली सुमारे १११ सेंटिमीटर लांब पडेल. त्यांपैकी पहिले ६७ सेंटिमीटर दगडामागे झाकले जातील आणि उरलेली ४४ सेंटिमीटर लांबीची काळी पट्टी डोळ्यांना स्पष्ट दिसेल. हेल्मेटवरच्या दिव्याने पडणारी सावली मात्र सुमारे ६१ सेंटिमीटरच असेल, म्हणजे ती संपूर्ण दगडामागेच दडून राहील. सावली दिसली नाही की उंचवटा आणि खळगा यांतला फरक मावळतो आणि सारी वाट रंगविलेल्या पडद्यासारखी सपाट भासते. ऐन दुपारी, सूर्य डोक्यावर असताना माळरानावरचे खाचखळगे दिसेनासे होतात आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तेच उठून दिसतात, हा अनुभव कोणालाही आहे.

उलट, हँडलवरचा दिवा चाक जिकडे वळेल तिकडेच पाहतो. आखूड वळणावर वाट एकीकडे आणि उजेड दरीकडे, असा प्रकार होतो. म्हणून डोंगरवाटेवर दोन दिवे असावेत, हेच योग्य. हँडलवर रुंद झोताचा, अधिक प्रकाशाचा. आणि हेल्मेटवर अरुंद झोताचा, हलका व मंद. पहिल्याने वाटेचा उठाव कळतो, दुसऱ्याने वळणापलीकडचे दिसते. धुके किंवा हिमवर्षाव असेल तेव्हा हेल्मेटवरचा दिवा मालवावा, कारण डोळ्याजवळून निघालेला प्रकाश थेंबांवर आदळून थेट डोळ्यांतच परततो. दोन दिव्यांचा आणखी एक लाभ असा, की एक विझला तरी दुसऱ्याच्या आधाराने घर गाठता येते. पाच हजार ल्यूमेनचा एकुलता एक दिवा दरीच्या काठावर विझला, तर त्याचे उरलेले ल्यूमेन शून्य असतात.

दिवा किती वेळ जळेल, हा प्रश्न खरोखर सर्वांत आधी विचारावयास हवा. व्यवहारात तो शेवटी विचारला जातो. वर उल्लेखिलेल्या मानकात प्रकाश सुरुवातीच्या एक-दशांशावर येईपर्यंतचा काळ हा दिव्याचा जळण्याचा काळ धरतात. त्यामुळे ‘तीन तास’ असे लिहिलेले असले, तरी त्या तासांत प्रकाश किती वेळ कायम राहतो, हे वेगळे विचारले पाहिजे. येथे शाळेतले गणितही उपयोगी पडते. ७.४ व्होल्टच्या आणि ५ अँपिअर-तासांच्या घटमालेत ३७ वॅट-तास ऊर्जा मावते. एका वॅटमागे शंभर ल्यूमेन मिळतात असे धरले, तर पाच हजार ल्यूमेनसाठी ५० वॅट लागतील आणि घटमाला पाऊण तासाच्या आतच रिती होईल. हजार ल्यूमेनवर तीच घटमाला साडेतीन तासांहून थोडी अधिक पुरेल. कडाक्याच्या थंडीत त्याहूनही कमी. कोणी एवढ्याच घटमालेवर पाच हजार ल्यूमेन तीन तास मिळतील असे सांगत असेल, तर त्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडला आहे किंवा खरेपणाचा. आणि पहिली गोष्ट अशक्य आहे.

हीच पारख घटांनाही लावावी. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या चांगल्या घटाची धारणक्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबते. त्यावर ९,९०० असा आकडा छापलेला आढळला, तर तो घट हातीच धरू नये. खोटा आकडा छापणाऱ्याने आतील संरक्षक मंडल तरी नेमाने बसविले असेल, याची खात्री नसते, आणि निकृष्ट लिथियम घट तापून पेट घेऊ शकतो.

शेवटी, रात्र ही एकट्या स्वाराची नसते. जर्मनीत रस्त्यावरील सायकलीचा दिवा समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणार नाही असाच असावा, असे कायदा सांगतो. तेथील दिव्यांच्या झोताची वरची कड म्हणूनच सुरीने कापल्यासारखी असते. डोंगरात तोच दिवा अपुरा पडतो, कारण डोक्यावर येणाऱ्या फांद्या त्याला दिसत नाहीत. परंतु डोंगरातला चौफेर झोत सडकेवर आणला, तर समोरचा माणूस काही क्षण आंधळाच होतो. म्हणून वाट सडकेला मिळाली की दिवा मंद करून खाली कलवावा, हेल्मेटवरचा मालवावा आणि मागचा तांबडा दिवा लावलेला असावा. जंगलातील निशाचर प्राण्यांचीही ती कामाची वेळ असते. गरजेपुरताच उजेड पाडणे हे त्यांचे ऋण मानण्यासारखे आहे.

सारांश, दिव्याची निवड करताना आधी आपला वेग आणि वाट पाहावी, मग झोताचा आकार, मग दिव्याची जागा, मग जळण्याचा काळ. आणि ल्यूमेनचा आकडा सर्वांत शेवटी वाचावा. रात्री खेड्यातल्या वाटेने सायकलवरून घरी परतणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाच क्रम उपयोगी पडेल. त्याचा दिवा लहान असेल, पण त्याचे डोळे आणि प्रकाशाचे नियम तेच आहेत. दिसेल तितक्याच अंतरात थांबता येईल, एवढाच वेग ठेवावा. हा नियम पाळणाऱ्याला साधा दिवाही सुखरूप घरी आणतो, आणि न पाळणाऱ्याला कोणताही दिवा पुरत नाही.