भिंत टाकून बचावणारे जिवाणू

लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप. प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण, तपासणीचा अहवाल स्वच्छ आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा तेच. मूत्रमार्गाच्या संसर्गाचे हे चक्र अनेक स्त्रियांच्या आणि वृद्धांच्या परिचयाचे आहे. अशा वेळी एक तर रुग्णाने गोळ्या अर्धवट सोडल्या असे मानले जाते, नाही तर जिवाणू औषधाला दाद देत नाही असे. या दोन्हींपेक्षा वेगळी एक शक्यता आहे.

बहुतेक जिवाणूंभोवती एक कणखर भित्तिका असते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे आणि फॉस्फोमायसिन या भित्तिकेच्या बांधणीतच खोडा घालतात. आतला दाब सहन न होऊन जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भित्तिका नसल्याने त्या या माऱ्यातून वाचतात.

पण भोवतालच्या द्रवात क्षार आणि इतर विरघळलेले पदार्थ पुरेसे असतील, तर भित्तिका गमावलेला जिवाणूही फुटत नाही. लघवी हा बऱ्याचदा असाच द्रव असतो. मग ज्या भिंतीवर औषधाचा नेम, ती भिंतच जागेवर नसते! औषध थांबले की जिवाणू ती पुन्हा उभारू शकतो. यासाठी जनुकांत बदल व्हावा लागतोच असे नाही. म्हणून याला रूढ अर्थाने औषध-प्रतिरोध म्हणता येत नाही.

अशा जिवाणूंना ‘एल-रूप’ म्हणतात. एमी क्लिनेबर्गर यांनी १९३५ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे वर्णन केले. ‘एल’ हे त्या संस्थेचे आद्याक्षर. पुढे कित्येक वर्षे हा विषय कुतूहलापुरताच राहिला. २०१९ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातील जेफ एरिंग्टन यांच्या गटाने, वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या ३० वयस्क रुग्णांपैकी २९ जणांच्या लघवीत असे जिवाणू आढळल्याचे प्रसिद्ध केले. औषध काढल्यावर ते मूळ रूपात परततात, हे झेब्राफिशच्या पारदर्शक पिलांतही दिसले.

नेहमीच्या कल्चर तपासणीत हे जिवाणू सहसा सापडत नाहीत, कारण साध्या माध्यमात ते टिकतच नाहीत. म्हणजे ‘अहवाल निर्दोष आहे, त्रास मनाचा असेल’ असे रुग्णाला सांगणे घाईचे ठरू शकते.

मात्र ३० रुग्ण ही संख्या लहान आहे. जिवाणू सापडला म्हणजे आजार त्याच्यामुळेच परतला, असे सिद्ध होत नाही. संधिवातापासून कर्करोगापर्यंत सगळ्याचे खापर एल-रूपांवर फोडणारे आणि महिनोन्‌महिने प्रतिजैविके घ्यायला सांगणारे लोकही आहेत. त्यांच्या नादी लागू नये. भित्तिकेवर मारा करणाऱ्या औषधाला वेगळ्या रीतीने काम करणाऱ्या औषधाची जोड द्यावी, हा संशोधकांचा विचार तर्काला धरून आहे. पण कोणती जोडी, किती दिवस, हे रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांतूनच ठरायला हवे. तोवर, मागच्या वेळची उरलेली गोळी चिठ्ठीशिवाय पुन्हा घेण्याला या संशोधनातून कोणताही आधार मिळत नाही.