कोरा तक्ता

बुद्धपौर्णिमेच्या रात्री राधानगरी अभयारण्यातील पाणवठ्यांवर मचाण बांधून वन्यप्राणी मोजण्याची प्रथा जुनी आहे. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी राखलेले हे रान १९८५ मध्ये विस्तारून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे झाले. गणनेचे आकडे वर्तमानपत्रांत येतात, आणि गवे वाढले की घटले यावर चर्चा झडते.

माझा आक्षेप स्वयंसेवकांच्या हौसेला नाही; त्या आकड्यांवर आपण टाकलेल्या भाराला आहे. एकच कळप एका रात्रीत दोन पाणवठ्यांवर येऊ शकतो. वळीव होऊन गेला असेल तर रानात जागोजागी पाणी साचते आणि जनावर मचाणाकडे फिरकतही नाही. म्हणजे तो आकडा गव्यांइतकाच पावसाचाही असतो.

उपाय खर्चिक नाही. किती तास जागलो, ढग होते का, कळप किती वाजता कोणत्या दिशेने आला, ओळख कितपत खात्रीची, एवढे तक्त्यात हवे. ई-बर्डवर पक्षिनिरीक्षक वेळ आणि अंतर नोंदवतात, ओळखलेले सारे पक्षी लिहिले का हेही सांगतात. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल अशाच हौशी नोंदींवर उभा राहिला.

अवघड आहे ते मनाचे. रात्रभर जागून काहीच न दिसलेला माणूस सकाळी ओशाळतो, आणि मग झुडपामागची सळसळ कागदावर अस्वल होऊन उतरण्याचा धोका असतो. त्याचा कोरा तक्ता आपण सन्मानाने स्वीकारला, तरच इतरांच्या भरलेल्या तक्त्यांवर विश्वास ठेवता येईल.