नाच कोणाचा, लाज कोणाची?

आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून सध्यां एक चमत्कारिक नीतिशास्त्र रूढ झालें आहे. नांदेडचा किंवा लातूरचा एखादा तरुण पुण्याच्या पबमध्यें रात्र घालवून आला, तर ती करमणूक. गोव्याच्या क्लबांत नाचून आला, तर तें पर्यटन. आणि विमानानें सेऊलला जाऊन इतेवोन किंवा होंगदे येथील नृत्यगृहें पाहून आला, तर तें जगाचें ज्ञान! पण तोच तरुण लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या यात्रेंत लावणीच्या तंबूंत बसलेला कोणास दिसला, कीं 'मुलगा वायां गेला' म्हणून घरांत सुतक पडतें. रात्र तीच, नाच तोच, प्रेक्षकहि पैसे मोजूनच आलेला. मग फरक कोठें आहे, हें आम्हांस कोणी समजावून सांगेल काय?

फरक तिकिटाच्या किंमतींत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. फार कशाला, त्याच माळेगांवांत मंडप जिल्हा परिषदेचा असला, म्हणजे तीच लावणी 'लोककला' ठरते, आणि तंबूस नाक मुरडणारे सद्गृहस्थ पुढच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवितात.

यावर कोणी म्हणेल, 'पबमध्यें गिऱ्हाईक स्वतःच्या हौसेनें नाचतें; तंबूंत किंवा बारमध्यें पोटासाठीं स्त्री नाचते. हा भेद आपण विसरतां.' आम्ही तो विसरलों नाहीं. भेद खरा आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष नेमका उलट आहे. जी पोटासाठीं नाचते, तिचें तें काम आहे. आणि काम करणाराला संरक्षण द्यावयाचें असतें, शाप नव्हे. तिला कोणी फसवून किंवा विकून आणलें असेल, तर त्या नराधमास शिक्षा करणारे कायदे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. ते चालवावयाचे सोडून तिची भाकरी हिरावणें, ही कोणती सुधारणा?

ही वृत्ति दिवाणखान्यापुरती राहिली असती, तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु तिनें कायद्याचें रूप घेतलें. २००५ सालीं महाराष्ट्र सरकारनें मुंबई पोलीस कायद्यांत दुरुस्ती करून बारमधील नृत्यावर बंदी घातली, आणि त्याच दुरुस्तींत तीन किंवा अधिक तारे मिरविणाऱ्या हॉटेलांस व जिमखान्यांस सूट दिली. म्हणजे पाप नाचांत नव्हतें, हॉटेलच्या ताऱ्यांत होतें! २००६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें ही बंदी रद्द केली, आणि १६ जुलै २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. श्रीमंतांची नीति एक आणि सामान्यांची दुसरी, असें गृहीत धरतां येणार नाहीं, हें त्या निकालाचें सार होय. बंदीमुळें ७५ हजारांहून अधिक स्त्रिया बेकार झाल्याचा उल्लेखहि त्यांत आहे.

सरकार यावरून काय शिकलें? २०१४ सालीं त्यानें श्रीमंतांची सूट काढून घेतली आणि बंदी सर्वांना सारखी केली. समता आणली खरी, पण ती उपासमारीची! पुढें २०१६ सालीं नवा कायदा आला. १७ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांतील अनेक जाचक अटी काढून टाकल्या, आणि संध्याकाळीं ६ ते रात्रीं ११॥ ही वेळ व नोटा उधळण्याची मनाई राखिली. नोटा उधळण्याची मनाई आम्हांसहि मान्य आहे. कारण ती बंधन घालते तें पाहणाऱ्याच्या हातावर, नाचणारीच्या पायांवर नव्हे.

कायद्यानें पाहावयाचें तें खरोखर तेथेंच पाहिलें जात नाहीं. महाराष्ट्रांत बीअरसाठीं २१ आणि कडक मद्यासाठीं २५ वर्षांची अट आहे. तरी १९ मे २०२४ च्या पहांटे पुण्याच्या कल्याणीनगरांत एका भरधांव मोटारीनें दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले, तेव्हां ती चालविणारा १७ वर्षांचा मुलगा पबमध्यें मद्य पिऊन आला होता, असें पोलिसांनीं सांगितलें. जामिनाच्या अटींत त्यास ३०० शब्दांचा निबंध लिहावयास सांगण्यांत आलें. लोकक्षोभ झाला, तेव्हां तो हुकूम बदलला. आम्हीं जन्मभर निबंध तपासले आहेत. दोन जीव ३०० शब्दांत मावतात, हें मात्र आम्हांस ठाऊक नव्हतें.

गोव्यांत हडफडें येथील एका क्लबास ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीं आग लागून २५ माणसें मेलीं. त्यांत बहुसंख्य तेथें राबणारे कामगार होते. सेऊलच्या इतेवोनमध्यें २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्रीं एका अरुंद उतरत्या गल्लींत गर्दीखालीं चिरडून १५९ जण मरण पावले. मदतीसाठीं पोलिसांस दूरध्वनि तासन्‌तास आधीपासून येत होते. या बळींपैकीं एकहि नृत्याच्या अश्लीलतेनें मेला नाहीं. बाहेर पडावयास वाट नव्हती, गर्दीवर कोणाची देखरेख नव्हती, म्हणून ते मेले. ज्या राज्यकर्त्यांनीं पदराची लांबी मोजण्यांत वर्षें घालविलीं, त्यांनीं दाराची रुंदी मोजली असती, तर अधिक पुण्य लागलें असतें.

म्हणून आमचें म्हणणें सरळ आहे. माळेगांवचा तंबू असो, मुंबईचा बार असो वा पुण्याचा पब असो, सर्वांस नियम एकच हवा: गिऱ्हाइकाचें वय तपासलें जावें, आगीच्या वेळीं बाहेर पडण्यास मोकळी वाट असावी, नाचणारीला ठरलेलें वेतन मिळावें, आणि तिच्या अंगास हात लावणाराचा हात कायद्यानें धरावा. आणि आमच्या सुशिक्षित मातापित्यांस एवढीच विनंति कीं, मुलगा रात्रीं उशिरां परतला, तर तो कोठें गेला होता एवढेंच विचारून थांबूं नका. जी तेथें नाचत होती, जी पाणी आणून देत होती, तिच्याशीं तो कसा वागला, हें विचारा. त्या प्रश्नाचें उत्तर देतांना ज्याची मान खालीं जाईल, लाज त्याची. नाचणारीनें ती आजवर पुष्कळ वाहिली.